नेपाळला स्वस्तात फोन: दैलेखच्या साध्या मोबाइलवर पारखलेल्या सोयी

कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातील आमच्या इमारतीचा मी सहा वर्षे सचिव आहे. रखवालदाराच्या फोनच्या खर्चात सचिवाने लक्ष घालावे, असे संस्थेच्या उपविधीत कोठेही लिहिलेले नाही. तरीही मी ते घातले, कारण आमचे दाजू दर महिन्याच्या वीस तारखेच्या सुमारास उचल मागत आणि कशासाठी असे विचारले की खालमानेने ‘बॅलन्ससाठी’ एवढेच सांगत. नेपाळीत थोरल्या भावाला दाजू म्हणतात. इमारतीतील मुलांनी ते उचलले आणि पूर्वीच्या प्रत्येक रखवालदाराला सरसकट ‘बहादूर’ म्हणणारे आम्ही थोर लोकही त्यांच्या मागोमाग सुधारलो.

दाजू कर्णाली प्रदेशातील दैलेख जिल्ह्याचे. घरी वृद्ध आई आणि पत्नी असतात आणि मुलगी खाली सुर्खेत जिल्ह्यातील वीरेंद्रनगरला खोली घेऊन शिकते. मुलीकडे स्मार्टफोन आहे. आईकडे मात्र बटणांचा साधा मोबाइल आहे. तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो, कारण घरात रेंज मिळते ती तेवढ्याच जागी. हा तपशील मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ज्या सोयीचे मी कौतुक करणार आहे किंवा जिला नावे ठेवणार आहे, तिची परीक्षा शेवटी या खिळ्याला टांगलेल्या फोनवरच झाली.

दाजू एका चाळीस पानी वहीत प्रत्येक फोनची वेळ आणि तुटलेले पैसे लिहून ठेवतात. ती वही पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की ते कोणतेही पॅक न घेता साधा बॅलन्स भरून सरळ आयएसडी, म्हणजे थेट परदेशी फोन, करत होते. आयएसडीचा हिशेब सेकंदावर नसून पूर्ण मिनिटावर चालतो, म्हणजे एक मिनिट आणि एक सेकंद बोलले तरी दोन मिनिटांचे पैसे जातात. दाजूंना हे कोणी शिकवलेले नव्हते, पण बॅलन्सच्या संदेशांवरून त्यांनी ते स्वतःच ताडले होते. म्हणून ते फोन कानाला न लावता स्पीकरवर ठेवत, डोळे पडद्यावरील सेकंदांवर खिळवत आणि अठ्ठावन्न दिसले की बोलणे अर्धवट सोडून लाल बटण दाबत. पलीकडे आई वाक्याच्या मध्यावर असे. ‘आमा समझती है,’ असे ते म्हणत.

माझ्या पिढीला यात नवल वाटू नये. शाहूपुरीत स्टेशनच्या रस्त्याला पिवळ्या पाटीच्या एसटीडी-आयएसडी-पीसीओच्या काचेच्या खोक्यात उभे राहून लाल आकडे पळताना पाहणारे आम्हीही असेच वाक्य तोडत होतो. परदेशी फोनवरील विदेश संचार निगमची मक्तेदारी १ एप्रिल २००२ रोजी संपली, त्यानंतर कंपन्या वाढल्या आणि अमेरिका-इंग्लंडचे दर इतके उतरले की माझा पुतण्या तिकडून काय किंवा आम्ही इकडून काय, घड्याळाकडे न पाहता बोलतो. मला वाटत होते की जे हजारो मैलांवरच्या देशाला लागू पडते, ते जेथे जायला आपल्याला व्हिसाही लागत नाही आणि पासपोर्टही लागत नाही, त्या शेजाऱ्याला अधिकच लागू पडेल. प्रत्यक्षात उलटे आहे. आपल्या कंपन्यांच्या दरपत्रकात अमेरिकेचे मिनिट नेपाळच्या मिनिटापेक्षा बरेच स्वस्त आढळते.

याचे कारण अंतरात नसून शेवटच्या टप्प्यात आहे. आपण केलेला फोन सीमेपलीकडे गेल्यावर तो ग्राहकाच्या मोबाइलपर्यंत पोहोचवण्याचे काम नेपाळची कंपनी करते आणि त्याबद्दल आपल्या कंपनीकडून प्रतिमिनिट आकार घेते. अमेरिकेत हा आकार नगण्य आहे, नेपाळमध्ये तो चांगलाच आहे. तारा आणि उपग्रह कितीही स्वस्त झाले तरी हा जकातीसारखा भाग राहतोच आणि त्यावर आपल्या कंपनीचा नफा आणि कर चढतो. एवढे समजून घेतले की ‘नेपाळला जवळजवळ फुकट’ अशी जाहिरात करणाऱ्या कोणत्याही सोयीकडे सावधपणे पाहावे हे आपोआप कळते.

आता एकेका सोयीकडे वळतो.

आपल्याच मोबाइल कंपनीचे आयएसडी पॅक ही मी पहिल्यांदा वापरून पाहिलेली सोय. ठरावीक रक्कम भरली की साधारण अठ्ठावीस दिवस निवडक देशांचे दर उतरतात. कंपन्या दर बदलत राहतात, म्हणून हिशेबाला सोपे आकडे घेऊ. पॅकविना मिनिटाला बारा रुपये आणि पॅक घेतल्यावर आठ रुपये पडतात आणि पॅकची किंमत शंभर रुपये आहे असे धरले, तर मिनिटामागे चार रुपये वाचतात, म्हणजे महिन्याला पंचवीस मिनिटांहून जास्त बोलणाऱ्यालाच पॅक परवडते. दाजू आठवड्याला चार वेळा प्रत्येकी तीन मिनिटे, म्हणजे चार आठवड्यांत अठ्ठेचाळीस मिनिटे बोलत. पॅकविना त्यांचे ५७६ रुपये जाणार आणि पॅक धरून ४८४ जाणार. वाचलेले ब्याण्णव रुपये ऐकून आमच्या इमारतीतील कोणी खुर्चीवरून उठणार नाही, पण उचल मागणाऱ्या माणसाच्या वहीत ती रक्कम ठसठशीत दिसते. आपल्या कंपनीच्या ॲपवर त्या दिवशीचे तिन्ही आकडे पाहून हीच भागाकाराची रीत लावावी आणि मगच पॅक घ्यावे. ज्यांचे बोलणे महिन्याला दहा मिनिटांच्या आत आटोपते, त्यांनी साधा बॅलन्सच बरा.

ही सोय मला आवडली, पण तिने सुरुवातीलाच मला अडीच आठवडे रखडवले, ते असे. राजारामपुरीतील एका रिचार्जच्या दुकानात मी दाजूंना घेऊन गेलो आणि नेपाळचे पॅक मागितले. दुकानातील मुलाने पडद्यावर बोट फिरवत एक मोठ्या रकमेचे पॅक काढले. मी शंका घेतली तेव्हा ‘काका, इंटरनॅशनलच आहे की हे,’ असे म्हणून त्याने ते मारूनही टाकले. संध्याकाळी दाजूंनी फोन लावला तेव्हा पैसे जुन्याच दराने तुटले. पॅक आंतरराष्ट्रीय होते हे खरेच, पण ते रोमिंगचे होते, म्हणजे आपण सिम घेऊन परदेशात गेल्यावर वापरायचे. घरी बसून परदेशात फोन लावण्याचे पॅक वेगळे असते आणि ते आयएसडी या नावाखाली असते. एकदा मारलेले रिचार्ज परत होत नाही, असे दुकानदाराने आणि नंतर कंपनीच्या ग्राहक सेवेनेही मला सारख्याच गोडव्याने सांगितले. चूक माझ्या अर्धवट माहितीची होती, म्हणून ते पैसे मी भरले, मात्र त्यानंतर पॅक दुकानातून न घेता स्वतः ॲपवर नेपाळचे नाव आणि दर वाचूनच घेतो.

दुसरी अडचण त्याहून साधी आहे. पुष्कळ प्रीपेड सिमवर आयएसडीची सोय मुळात बंद असते आणि ती मागून चालू करून घ्यावी लागते. ती चालू नसेल तर पॅक असूनही फोन लागत नाही आणि माणूस समजतो की पलीकडचाच फोन बंद आहे. क्रमांक लावतानाही गोंधळ होतो. नेपाळचा संकेतांक ९७७ आहे. त्याच्या आधी अधिकचे चिन्ह किंवा दोन शून्ये लावायची आणि पुढे मोबाइलचे दहा आकडे सरळ लिहायचे, मध्ये शून्य घालायचे नाही. नेपाळचे मोबाइल क्रमांकही आपल्यासारखेच दहा आकडी असून बहुतेक अठ्ठ्याण्णव किंवा सत्त्याण्णवने सुरू होतात, त्यामुळे ९७७ विसरले तर फोन भारतातीलच कोणा अनोळखी गृहस्थाला लागतो. आमच्या हातून तेही झाले. ते गृहस्थ रागावले नाहीत, हे त्यांचे मोठेपण.

आवाजाच्या बाबतीत मात्र या साध्या आयएसडीला तोड नाही. कडेकपारीच्या गावात जेथे इंटरनेट रांगते, तेथेही आमाचा आवाज स्वच्छ येतो, कोंबड्याचे आरवणेही ऐकू येते. फोन लागला नाही तर नेपाळी बाईच्या आवाजातील सूचना कानी पडते आणि तिचे शेवटचे ‘सम्पर्क हुन सकेन’ हे शब्द मला आता पाठ झाले आहेत. मराठी माणसाला त्यांचा अर्थ सांगावा लागत नाही.

दुसरी सोय म्हणजे इंटरनेटवरून ॲपमधून ॲपमध्ये बोलणे, अर्थात व्हॉट्सॲप, मेसेंजर, व्हायबर वगैरे. येथे मिनिटाला पैसे पडत नाहीत, रोजच्या डेटातूनच काम भागते आणि चेहराही दिसतो. वीरेंद्रनगरच्या मुलीशी बोलायला याहून चांगले काही नाही आणि तिच्यासाठी आयएसडीवर एक रुपयाही घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्याशी होणारे बोलणे ॲपवर नेल्याबरोबर दाजूंचा निम्मा खर्च उतरला. कोणते ॲप वापरावे, हे इकडच्या माणसाने न ठरवता पलीकडच्याला विचारावे. आपल्याकडे सगळे व्हॉट्सॲपवर असतात, पण नेपाळमध्ये मेसेंजर आणि व्हायबर यांचाही वापर मोठा आहे. मुलगी मेसेंजरवर चटकन सापडायची आणि व्हॉट्सॲपवर दोन-दोन दिवस नाही, याचे कोडे दाजूंना फार दिवसांनी उलगडले.

पण या फुकट सोयीचा भरवसा किती धरायचा, याचा धडा आम्हाला सप्टेंबर २०२५ मध्ये मिळाला. नेपाळ सरकारने त्या महिन्याच्या ४ तारखेला, नोंदणी न केल्याच्या कारणावरून, फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब यांसह २६ समाजमाध्यमे बंद केली. मेसेंजरही त्यात गेले. व्हायबरने नोंदणी केलेली असल्याने ते चालू राहिले, पण मुलीच्या फोनमध्ये ते होते आणि दाजूंच्या फोनमध्ये नव्हते. ८ सप्टेंबरला तरुणांची आंदोलने पेटली, त्या एका दिवसात १९ जण मरण पावल्याची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला. ८ तारखेच्या रात्री दाजू फाटकाजवळच्या खोलीत मेसेंजरवर पुन्हा पुन्हा बोट दाबत बसले होते आणि गोल फिरणाऱ्या चकतीपलीकडे काही दिसत नव्हते. मी खाली गेलो, त्यांच्या सिमवर पॅक शिल्लक असल्याची आठवण दिली आणि आम्ही साधा फोन लावला. तिसऱ्या घंटेला मुलीने उचलला. ती खोलीतच होती आणि तिच्या आवाजात भीतीपेक्षा चिडच जास्त होती. त्याच रात्री सरकारने बंदी मागे घेतली. तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी केल्या: दाजूंच्या फोनमध्ये व्हायबरही घातले आणि मुलीसाठी ॲप पुरेसे असले तरी पॅक संपू द्यायचे नाही असे ठरवले.

तिसरी सोय ॲपमधून साध्या फोनला लावण्याची. आपण ॲपमध्ये आधी पैसे भरायचे, फोन इंटरनेटवरून निघतो आणि पलीकडे कोणत्याही साध्या मोबाइलवर वाजतो. स्काइपने ही सोय जगभर लोकप्रिय केली. ते स्वतः ५ मे २०२५ रोजी बंद पडले, पण व्हायबर आउटसारख्या सोयी आहेत आणि तशी इतरही ॲपे आहेत. कागदावर ही सोय आमासाठीच बनवल्यासारखी वाटते. मी मोठ्या आशेने एक ॲप घेतले आणि त्याचे नाव येथे देत नाही. पहिली निराशा दराची होती. अमेरिकेसमोर मातीमोल दर दाखवणाऱ्या त्या यादीत नेपाळपुढचा आकडा आपल्या आयएसडी पॅकच्या फार खाली नव्हता, कारण नेपाळच्या कंपनीची जकात ॲपलाही चुकत नाही. पैसे डॉलरमध्ये भरायचे आणि त्यासाठी परदेशी व्यवहार चालणारे कार्ड हवे. तसे कार्ड माझ्याकडे आहे, दाजूंकडे नाही, म्हणजे दर वेळी त्यांनी माझ्याकडे यायचे. उचल मागण्याचाच हा दुसरा प्रकार झाला. शिवाय काही महिने वापर न झाल्याने शिल्लक रक्कम गोठल्याचा संदेश आला आणि ती पुन्हा मोकळी करण्याची वाट शोधण्यात माझा एक रविवार गेला.

खरी गंमत मात्र आमाने केली. ॲपवरून लावलेला फोन तिच्याकडे दर वेळी वेगळ्याच, भलत्याच देशाच्या क्रमांकावरून दिसे. तिला वाचता येत नाही, पण मुलाच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ती आकारावरून ओळखते. ते आकडे दिसले नाहीत तर फोन उचलायचा नाही, असे तिला कोणीतरी फसवणुकीच्या भीतीने बजावले आहे आणि ती ते कसोशीने पाळते. आम्ही सलग चार दिवस ॲपवरून फोन लावला, चारही दिवस तो खिळ्यावर वाजत राहिला आणि पाचव्या दिवशी दाजूंनी आपल्या सिमवरून लावल्यावर पहिल्याच घंटेला उचलला गेला. ‘कोई दूसरा आदमी फोन करता है,’ अशी तक्रार तिनेच मुलाकडे केली. काही ॲपांत आपला क्रमांक पडताळून पलीकडे तोच दाखवण्याची सोय असते, पण मी घेतलेल्या ॲपमध्ये ती चालली नाही. स्मार्टफोन नसलेल्या नातेवाइकासाठी ॲप घेणाऱ्याने पैसे भरण्यापूर्वी ही एक गोष्ट एका फुटकळ रकमेवर तपासून घ्यावी.

चौथ्या प्रकाराबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो वापरू नये एवढेच सांगायचे आहे. मध्यवर्ती बस स्थानकाच्या परिसरात दाजूंना त्यांच्याच ओळखीतल्या एकाने अर्ध्या दरात नेपाळला बोलणे करून देण्याची तयारी दाखवली होती. आपण एका इथल्याच क्रमांकाला फोन लावायचा आणि तेथून तो पुढे जोडला जाणार. असले फोन इंटरनेटवरून सीमेपलीकडे नेतात आणि तेथे एका खोक्यात भरलेल्या ढीगभर सिमकार्डांपैकी एकावरून स्थानिक फोन म्हणून सोडतात. नेपाळमध्ये याला ‘कल बाइपास’ म्हणतात, तेथे तो गुन्हा आहे आणि त्यासाठी पोलिसांचे छापे पडतात. आपल्याकडेही अशी सिमची खोकी बेकायदेशीर आहेत. स्वस्ताईचे रहस्य असे की ती जकात भरलीच जात नाही. आमच्या रखवालदाराचा क्रमांक अशा एखाद्या छाप्याच्या यादीत सापडणे मला सचिव म्हणून परवडणारे नाही, असे मी दाजूंना ऐकवले आणि त्यांना ते पटले.

याच्या जोडीला एक फुकटची युक्ती दाजूंच्या घरात आधीपासून चालत आलेली आहे. रोज सकाळी आमा एक घंटा देऊन फोन ठेवते, त्याचा अर्थ सगळे ठीक आहे. दोन घंटा म्हणजे फोन कर. नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटे असते, त्यामुळे तिची सात वाजताची घंटा येथे पावणेसातला येते आणि पाण्याचा पंप लावायला दाजूंना वेगळा गजर लागत नाही. नेपाळहून भारतात फोन करण्याचे दर पत्नी सांगते ते नेपाळी रुपयांत असतात. १९९३ पासून भारतीय शंभर रुपयांना नेपाळी एकशे साठ हा दर बांधलेला आहे, म्हणून तिच्या आकड्याला १.६ ने भागूनच कोणी कोणाला फोन करणे स्वस्त पडते ते ठरवावे. आमच्या बाबतीत पॅक असताना कोल्हापूरहून लावणेच सोयीचे ठरले.

आजची व्यवस्था अशी आहे: मुलीशी ॲपवर, आमाशी पॅकच्या आयएसडीवर आणि रोजच्या खुशालीसाठी एक घंटा. ॲपमधून साध्या फोनला लावण्याची सोय मी बंद केली. दर अठ्ठाविसाव्या दिवशी दाजू आपल्या हाताने पॅक भरतात आणि गेल्या चार महिन्यांत फोनसाठी उचल मागितलेली नाही. तरी या सोयीला मी पूर्ण गुण देणार नाही. पूर्ण मिनिटाचा हिशेब, रोमिंग आणि आयएसडी यांच्या नावांतील घोळ आणि अमेरिकेपेक्षा महाग शेजारी, या तिन्ही गोष्टी मला अजून खटकतात आणि त्यांपैकी पहिल्या दोन तरी आपल्या कंपन्यांनी मनात आणले तर सुधारता येण्यासारख्या आहेत.

२ ऑक्टोबर २०२५ रोजी दसरा होता. इकडे संध्याकाळी दसरा चौकात सोने लुटायला जाण्याची घाई आणि तिकडे दशैंच्या, म्हणजे नेपाळी दसऱ्याच्या, टिक्याचा दिवस. सकाळीच दाजूंनी फाटकाजवळ उभे राहून आमाला फोन लावला. थोरल्यांनी कपाळाला टिका लावून लांबलचक आशीर्वाद म्हणायचा अशी तिकडची रीत आहे आणि समोर कपाळ नसल्याने आमाने तो खिळ्यावरून काढलेल्या फोनलाच म्हटला. दाजू टोपी काढून, मान झुकवून ऐकत होते. त्यांनी या वेळी स्पीकर लावलेला नव्हता, फोन कानाला होता. ठेवल्यानंतर त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर नऊ मिनिटे आणि सत्तावन्न सेकंद होते.